सिमेंटचा पत्रा बदलताना : ॲस्बेस्टॉसचे जुने छप्पर उतरवण्यापासून फायबर सिमेंटचे नवे बसवण्यापर्यंत

मुंबईत बैठ्या चाळीत किंवा टेकडीवरच्या वस्तीत ज्यांनी नुकतेच घर घेतले आहे, त्यांच्यापुढे पहिल्याच उन्हाळ्यात छपराचा प्रश्न उभा राहतो. पत्रा जुना झालेला असतो, गेल्या पावसात बोल्टच्या भोकांतून पाणी आलेले असते आणि शेजारीपाजारी ‘सगळे पत्रे काढून टाका, एका दिवसाचे काम आहे’ असा सल्ला देतात. काम एका दिवसाचे आहे, हे खरेच. परंतु ज्याला आपण नुसते ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, तो राखाडी पन्हळी पत्रा बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असतो. तो डोक्यावर धडधाकट असताना जितका धोका असतो, त्याहून कितीतरी अधिक धोका तो फोडताना असतो. हा लेख त्या एका दिवसासाठी आणि त्याच्या आधी व नंतर करायच्या कामांसाठी लिहिला आहे.

भांडुपला आमचे दहा बाय पंधराचे घर होते. मी शाळेत असताना त्याचे पत्रे बदलले गेले. कारागिरांनी गंजलेले बोल्ट सोडवत न बसता हातोड्याने प्रत्येक बोल्टभोवतीचा पत्रा फोडला आणि तुकडे खाली गल्लीत टाकले. तुटलेल्या कडेवर बारीक, पांढुरके, सुतासारखे धागे दिसत होते. आम्ही मुले ते धागे नखाने सोलत बसलो होतो. संध्याकाळी आईने सगळे घर सुक्या केरसुणीने झाडून काढले आणि वडिलांनी बरे तुकडे मोरीच्या आडोशासाठी बाजूला ठेवले. आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही, कारण कोणी सांगितलेच नव्हते. आज हे लिहिताना मला ती सुकी केरसुणी सर्वांत जास्त आठवते.

आधी पत्र्याची ओळख

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे तंतुमय खनिज आहे. छपराच्या पत्र्यात प्रामुख्याने क्रायसोटाइल, म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस वापरतात. पत्र्याचा बहुतांश भाग सिमेंटचा असतो आणि ॲस्बेस्टॉसचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. कागदाचा लगदा जसा जाळीवर पसरून त्याचे ताव काढतात, तसा सिमेंट, पाणी आणि तंतू यांच्या लगद्याचा पातळ थर काढायचा आणि तो हवी ती जाडी येईपर्यंत एकावर एक गुंडाळत जायचा, ही पद्धत ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शोधून काढली. आजही याच पद्धतीने पत्रे बनतात. ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्राही याच पद्धतीने बनत असल्यामुळे दोन्ही पत्रे रंगाने, जाडीने आणि पन्हळीने सारखेच दिसतात. म्हणून ‘मी बघून सांगतो’ असे कोणी म्हटले, तर त्यावर विसंबू नये.

मुंबईला हा पत्रा नवा नाही. मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा मोठा कारखाना अनेक दशके चालू होता. गिरण्यांची आणि गोदामांची छपरे, शाळांचे व्हरांडे, बाजारांच्या शेड, चाळींच्या गॅलऱ्या अशा असंख्य जागांवर तो चढला, कारण तो गंजत नाही, जळत नाही, पावसाच्या माऱ्याने लोखंडी पत्र्याइतका वाजत नाही आणि स्वस्त पडतो. हे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दुर्गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही. पत्रा कापला, भोके पाडली, घासला किंवा फोडला की त्यातील तंतू सुटतात, उभे चिरत जाऊन आणखी बारीक होतात आणि तासन्‌तास हवेत तरंगू शकतात. हवेतील ॲस्बेस्टॉस मोजताना 5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि 3 मायक्रॉनपेक्षा बारीक असे तंतू मोजतात. असा तंतू डोळ्याला दिसत नाही, त्याला वास नसतो आणि त्याने लगेच खोकलाही येत नाही.

श्वासावाटे आत गेलेले तंतू फुप्फुसात रुतून बसतात. फुप्फुस कडक होत जाण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, हे त्याचे परिणाम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना, पांढऱ्या ॲस्बेस्टॉससह, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हे आजार बहुधा 20 ते 40 वर्षांनी उघड होतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या खटल्यात निकाल देताना, प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तिथपर्यंत जपण्याचा आदेश दिला. ब्रिटनने 1999 मध्ये आणि युरोपीय संघाने 2005 पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. भारतात मात्र आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसपासून पत्रे बनवणे आणि विकणे कायदेशीर आहे. त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानात आजही दोन्ही प्रकार मिळू शकतात.

एका गोष्टीची धास्ती मात्र घेऊ नये. धोका हा किती धूळ किती काळ श्वासात गेली यावर वाढत जातो. वर्षानुवर्षे पत्रे कापणाऱ्या कारागिराचा धोका आणि धड पत्र्याखाली झोपणाऱ्या कुटुंबाचा धोका सारखा नसतो. पत्रा सिमेंटमध्ये घट्ट बांधलेला असेल, कुठे फुटलेला नसेल आणि कोणी त्याला छेडत नसेल, तर त्यातून फारसे तंतू सुटत नाहीत.

पहिली पायरी : बदलायचा की राहू द्यायचा

जिन्यावरून किंवा समोरच्या माळ्यावरून छपराकडे नीट पाहावे. पत्र्यावर स्वतः चढू नये, याचे कारण पुढे येईलच. पत्र्याच्या अंगावर शेवाळ किती आहे, सिमेंट झिजून पृष्ठभाग खरखरीत व केसाळ झाला आहे का, कडा खवल्यासारख्या सुटत आहेत का, बोल्टपासून निघालेल्या भेगा किती लांब गेल्या आहेत, हे पाहावे. घराच्या आतून दुपारी दिवे बंद करून पाहिल्यास भेगांमधून आणि भोकांमधून उजेड दिसतो. अशा प्रत्येक जागेजवळच्या भिंतीवर खडूने खूण करून ठेवावी.

एक-दोन बोल्टांपाशीच गळत असेल आणि बाकी पत्रा टणक असेल, तर तो काढण्याची घाई करू नये. डांबरी वायसर बदलून आणि नट पुन्हा बसवून काम भागते. आतल्या बाजूने ऑइलबाउंड किंवा ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले तर पृष्ठभाग बांधला जातो. मात्र रंग देण्यापूर्वी तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नये आणि वरचे शेवाळ काढण्यासाठी पाण्याचा जोराचा फवाराही मारू नये. या दोन्ही गोष्टींनी जे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, तेच मोकळे होतात. पत्रा केसाळ झाला असेल, जागोजागी तडकला असेल किंवा घराचे बांधकामच बदलायचे असेल, तर मात्र तो उतरवणेच योग्य.

आपला पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही, हे कसे ठरवावे? जुन्या पत्र्याच्या खालच्या अंगाला कधी कधी छापील खूण टिकून असते. त्यावर आयएस 459 असा क्रमांक असेल तर तो ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचा भारतीय मानक क्रमांक आहे, पुढे शंकेला जागा नाही. खूण नसेल आणि बिलही नसेल, तर राखाडी पन्हळी सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे. मोठ्या सोसायटीला किंवा शाळेला खात्रीच करून घ्यायची असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. एका खोलीच्या घरमालकाने त्यावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा चांगल्या मास्कवर आणि पॉलिथीनवर घालावा, असे माझे मत आहे. छपराबरोबर पावसाच्या पाण्याचे जुने सिमेंटी पाइप, आढ्यावरचे ढापे, जुनी सिमेंटी टाकी आणि न्हाणीघराचे सपाट पार्टिशन हेही तपासावे, कारण तेही अनेकदा याच पदार्थाचे असतात.

दुसरी पायरी : वेळ आणि माणसे

मुंबईत मान्सून सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो. पत्रे उतरवण्याचे काम एप्रिलच्या आत किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावे. मेच्या अखेरीस सगळ्या गल्लीतले कारागीर एकाच वेळी व्यस्त असतात, आणि घाईत हातोडा चालतो. छपराची उंची किंवा आकार बदलायचा असेल किंवा पावसाळी शेड घालायची असेल, तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात आधी परवानगीची चौकशी करावी. चाळ असेल तर मालकाची किंवा सोसायटीची लेखी संमतीही घ्यावी. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगावे, जेणेकरून त्या वेळी त्यांच्या खिडक्या बंद राहतील, कपडे बाहेर वाळत नसतील आणि लहान मुले दुसरीकडे असतील.

नाक्यावरून माणसे आणून लगेच वर चढवणे, हा आपल्याकडचा सर्वांत धोकादायक प्रघात आहे. ॲस्बेस्टॉसइतकाच तातडीचा धोका पत्र्यातून खाली पडण्याचा असतो. सिमेंटचा पत्रा वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. जुना, पाण्याने मुरलेला पत्रा माणसाचे वजन पेलेलच असे नाही. म्हणून कोणीही थेट पत्र्यावर पाय देऊ नये. दोन किंवा अधिक अँगलांवर, म्हणजे पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या लोखंडी आधारांवर, टेकतील अशा जाड फळ्या टाकून त्यावरूनच चालावे, आणि कंबरेचा नव्हे तर पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट मजबूत जागी बांधलेला असावा. कारागिराला हे मान्य नसेल तर दुसरा कारागीर पाहावा. ठरवताना त्याला स्पष्ट विचारावे, ‘दादा, बोल्ट कापून पत्रा अख्खा उतरवाल ना?’ आणि हो म्हटल्यावर मजुरी त्याच बोलीवर ठरवावी. अख्खा पत्रा उतरवायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे त्याचे पैसे जास्त देणे न्यायाचे आहे.

तिसरी पायरी : पत्रा ओला करून, अख्खा उतरवणे

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे ती सविस्तर सांगतो.

आदल्या दिवशी घरातील सामान शक्य तेवढे बाहेर काढावे. जे हलवता येत नाही, म्हणजे कपाट, पलंग, फ्रीज, ते जाड पॉलिथीनने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. जमिनीवरही पॉलिथीन अंथरावे. अन्नधान्याचे डबे आणि पाण्याची पिंपे घरात ठेवू नयेत. गल्लीत जिथे पत्रे उतरणार, तिथेही पॉलिथीन अंथरून दोरी बांधावी.

काम करणाऱ्या प्रत्येकाला एफएफपी3 दर्जाचा किंवा पी100 फिल्टर असलेला मास्क द्यावा. रुमाल, गमछा किंवा दवाखान्यातील निळा मास्क या तंतूंना अडवत नाही. मास्क चेहऱ्याला बसायला हवा, दाढीवर तो बसत नाही. कोविडच्या काळात पाहिलेले एकदा वापरून टाकायचे पांढरे सूट येथे उपयोगी पडतात. ते न मिळाल्यास पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घालावेत आणि काम संपल्यावर ते बांधून टाकून द्यावेत. पूर्वी ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांचे धुळीने भरलेले कपडे घरी धुणाऱ्या त्यांच्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ही गोष्ट मी प्रत्येक कारागिराला सांगतो, कारण स्वतःची काळजी न घेणारा माणूस घरच्यांसाठी मास्क लावतो.

पत्रा काढण्याच्या अर्धा तास आधी आणि काम चालू असताना बागेला पाणी घालायच्या झारीने किंवा फवारणीच्या पंपाने हलके पाणी मारत राहावे. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकले तर पाणी पृष्ठभागावर न घसरता मुरते. पत्रा चिंब भिजला की त्याचा राखाडी रंग गडद होतो, तो तसाच गडद राहील इतपत पाणी चालू ठेवावे. मात्र ओला पत्रा निसरडा होतो, म्हणून फळ्यांवरूनच वावरायचे.

बोल्ट गंजलेले असतात आणि पान्याने फिरत नाहीत. त्यांच्यावर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारावे. तरीही न सुटल्यास बोल्टकटरने किंवा हॅक्सॉ ब्लेडने बोल्ट कापावा. कापायचे ते लोखंड, पत्रा नव्हे. ग्राइंडर चालवायचाच असेल तर त्याची चकती पत्र्याला लागणार नाही याची खबरदारी घ्यावी. बोल्ट निघाला की आढ्याकडून वळचणीकडे, म्हणजे बसवताना जो पत्रा शेवटी चढला तो आधी, अशा क्रमाने पत्रे सोडवावेत, नाहीतर वरच्या पत्र्याखाली अडकलेली कड ओढताना तुटते. दहा फुटी पत्रा साधारण 40 किलोंचा असतो आणि भिजल्यावर आणखी जड होतो. तो दोघांनी फळीवर उभे राहून उचलावा आणि दोन दोरांनी, उताराला टेकवलेल्या शिडीवरून किंवा बांबूंवरून सावकाश सरकवत खाली घ्यावा. वरून टाकू नये. तरीही एखादा पत्रा फुटलाच, तर त्यावर लगेच पाणी ओतावे आणि तुकडे हाताने उचलून पिशवीत भरावेत.

खाली आलेले पत्रे एकावर एक ठेवून, ओले असतानाच, निदान दीडशे मायक्रॉन जाडीच्या पॉलिथीनच्या दोन थरांत गुंडाळावेत आणि चिकटपट्टीने बंद करावेत. बाहेरच्या थरावर मोठ्या अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस : फोडू नये, धूळ श्वासात घेऊ नये’ असे लिहावे.

शेवटी सफाई. सुकी केरसुणी आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर यांना त्या दिवशी हात लावू नये. साधा क्लीनर बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. अँगल, भिंतीचा माथा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिळून पुन्हा न वापरता पिशवीत टाकावे. पन्हळातील गाळातही झिजलेल्या पत्र्याचे तंतू उतरलेले असतात, म्हणून तो ओलाच काढून त्याच पिशवीत भरावा. अंथरलेले पॉलिथीन आतल्या बाजूला दुमडत गुंडाळावे. अंघोळ करेपर्यंत मास्क काढू नये. तोपर्यंत जेवण, चहा, तंबाखू आणि विडीही नको. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे कारागिरांना आवर्जून सांगावे.

चौथी पायरी : जुन्या पत्र्यांची विल्हेवाट

येथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि पत्रे रात्री नाल्याच्या काठी किंवा खाडीत जातात. तिथे ते फुटतात, त्यावरून गाड्या जातात आणि मुले खेळतात. जुने पत्रे भंगारवाल्यालाही देऊ नयेत, कारण ते पुढे कोणाच्या तरी डोक्यावर किंवा भरावात जातात. कुंपण, कोंबड्यांचे खुराडे, चुलीचा आडोसा यांसाठीही ते वापरू नयेत.

टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत आहे, आणि मुंबई परिसरातील घातक कचऱ्यासाठीचे शास्त्रशुद्ध भरावक्षेत्र रायगड जिल्ह्यात तळोजा येथे आहे. कारखाना, शाळा किंवा मोठी सोसायटी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी पत्रव्यवहार करून तिकडेच माल पाठवावा. एका घरासाठी वॉर्ड कार्यालयाच्या घनकचरा विभागात लेखी अर्ज द्यावा, पत्र्यांची संख्या आणि ते ॲस्बेस्टॉसचे असल्याचे त्यात लिहावे आणि पोच घ्यावी. नेहमीच्या डेब्रिजमध्ये ते मिसळू नयेत, कारण डेब्रिज पुढे यंत्रात भरडले जाते. गल्लीतील चार-पाच घरांनी एकाच उन्हाळ्यात काम काढले तर गाडीचा खर्च वाटून जातो आणि अर्जालाही वजन येते. उत्तर यायला वेळ लागला तरी गुंडाळलेले पत्रे सावलीत, कोणी पाय देणार नाही अशा जागी थांबू शकतात. गुंडाळलेले असल्याने घाई नसते.

पाचवी पायरी : नवा पत्रा निवडणे

दुकानात ‘फायबर सिमेंटचा पत्रा द्या’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. ॲस्बेस्टॉस हाही एक तंतूच असल्यामुळे ॲस्बेस्टॉसचे पत्रेही फायबर सिमेंट या नावाने विकले जातात. नाव ऐकून पत्रा घेतलेली किमान तीन घरे माझ्या पाहण्यात आहेत, ज्यांनी जुने ॲस्बेस्टॉस उतरवून जास्त पैसे मोजले आणि पुन्हा ॲस्बेस्टॉसच चढवले. म्हणून पत्र्यावरचा छाप स्वतः वाचावा. आयएस 459 असेल तर तो नको. ॲस्बेस्टॉसविरहित पन्हळी पत्रे सामान्यतः आयएस 14871 या क्रमांकाने येतात. तरीही केवळ क्रमांकावर न थांबता कंपनीचे माहितीपत्रक मागावे, त्यात ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे आणि हाच शब्द बिलावर लिहून घ्यावा. दुकानदार लिहून द्यायला कां-कू करत असेल, तर तेच उत्तर समजावे.

ॲस्बेस्टॉसविरहित पत्र्यात लाकडाचा सेल्युलोज लगदा आणि पीव्हीए किंवा पॉलिप्रोपिलीनचे कृत्रिम धागे सिमेंटला बांधून ठेवतात, आणि सोबत फ्लाय ॲशसारखे पदार्थ असतात. तो ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याइतकाच जड व ठिसूळ असतो, किमतीला महाग पडतो आणि सेल्युलोजमुळे थोडे अधिक पाणी शोषतो, म्हणून त्याचा उतार आणि जोड नीट हवेत. त्यात कर्करोगकारक ॲस्बेस्टॉस नसले, तरी कापताना उडणाऱ्या सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. पाणी मारून, हातकरवतीने, मास्क लावून कापण्याचा नियम नव्या पत्र्यालाही लागू आहे.

घराचा सांगाडा कमजोर असेल, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत लोखंडी पत्रा बरा. सिमेंटच्या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला 12-13 किलो भरते, तर याचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण तो उन्हात लवकर तापतो, पावसात बोलू देत नाही आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंजू लागतो. खाली इन्सुलेशनचा थर किंवा छताचे बोर्ड लावायची तयारी असेल तरच तो घ्यावा. मंगलोरी कौलांना मजबूत वासे, भरपूर उतार आणि दरवर्षी कौले चाळणे, म्हणजे काढून पुन्हा रचणे, लागते. दाट वस्तीत ते सहसा जमत नाही. कुर्ला, वरळीपासून भांडुप, मुलुंडपर्यंतच्या बैठ्या घरासाठी, अँगल मजबूत असतील तर ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंटचा पत्रा हा माझा पहिला पर्याय आहे, कारण सांगाडा तोच राहतो आणि दुपारच्या उन्हात व पावसाच्या आवाजात फरक पडतो.

सहावी पायरी : माप आणि बसवणी

दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीचे उदाहरण घेऊ. उतार तीनास एक, म्हणजे सुमारे 18 अंश ठेवला तर दहा फुटांत छप्पर सव्वातीन फुटांहून थोडे अधिक चढते. मुंबईच्या पावसात याहून सपाट छप्पर ठेवू नये. तिरकी लांबी आणि वळचणीला फूटभर पुढे काढलेला भाग धरून साधारण साडेतीन मीटर होतात. खाली पावणेदोन मीटरचा आणि वर दोन मीटरचा पत्रा घेतला, दोहोंच्या जोडावर 15 सेंटीमीटरचा लॅप (एकावर एक चढणारा भाग) ठेवला, तर 3.6 मीटर भरतात. पत्र्याची रुंदी 1.05 मीटर असते, पण शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर 1.01 मीटर जागा झाकते. त्यामुळे पंधरा फुटांना पाच ओळी, एकूण दहा पत्रे लागतात. वाहतुकीत फुटतील म्हणून एक जास्त घ्यावा. येथे दिलेली मापे नेहमीच्या 6 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची आहेत, आपण घेतलेल्या पत्र्याचे माहितीपत्रक त्याआधी ताडून पाहावे.

दोन अँगलांमधले अंतर 1.4 मीटरपेक्षा जास्त नसावे. वरच्या उदाहरणात पहिला अँगल वळचणीपासून 30 सेंटीमीटरवर, दुसरा जोडाखाली, तिसरा वरच्या पत्र्याच्या मध्यावर आणि चौथा आढ्याजवळ, असे चार अँगल लागतात. जुन्या घरांत बहुधा तीनच असतात आणि वरचा पत्रा मधोमध तडकण्याचे कारण तेच असते. चौथा अँगल आत्ताच वेल्ड करून घ्यावा. लोखंड मुंबईतील दारूखाना या लोखंडाच्या बाजारातून किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणले तर स्वस्त पडते, मात्र बसवण्यापूर्वी त्याला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत.

पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे लावायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे सहसा पूर्वेकडच्या कडेने, आणि वळचणीकडून वर अशी सुरुवात करावी. त्यामुळे बाजूच्या लॅपची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करत नाही. जिथे चार पत्र्यांचे कोपरे एकत्र येतात, तिथे मधल्या दोन पत्र्यांचे समोरासमोरचे कोपरे तिरके कापावे लागतात, नाहीतर चार जाड्या एकावर एक येऊन पत्रा डुगडुगतो आणि बोल्ट आवळताच फुटतो. हे कोपरे जमिनीवर, पत्रा ओला करून, करवतीने कापावेत.

भोक नेहमी पन्हळीच्या माथ्यावर, ड्रिलनेच पाडावे. खिळा ठोकून पाडू नये. पन्हळीच्या तळात भोक पाडले तर पाणी वाहते तिथेच वाट मोकळी होते. 8 मिलिमीटरच्या जे-बोल्टला (अँगलला अडकणारा आकड्यासारखा बोल्ट) भोक साधारण 2 मिलिमीटर मोठे ठेवावे, कारण ऊन-पावसाने पत्रा आणि लोखंड कमी-जास्त होतात आणि त्या हालचालीला जागा लागते. आधी डांबरी वायसर, त्यावर जस्ती वायसर, मग नट. नट किती आवळायचा हे बोटांनी कळते : जस्ती वायसर अंगठ्याने फिरवून पाहावा, तो जेमतेम फिरायचा थांबला की पाना ठेवून द्यावा. त्यापुढे दिलेली प्रत्येक पिळी पत्र्यात भेग म्हणून परत येते. सगळे पत्रे लागल्यावर आणि वरची फळी काढण्यापूर्वी सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत.

पहिला जोराचा पाऊस पडेल त्या रात्री आतून टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्टखाली पाहावे. थेंब दिसला तर लगेच वर चढू नये. भिंतीवर खडूने खूण करावी आणि उघडीप मिळाल्यावर फळी टाकूनच दुरुस्ती करावी. ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे लिहिलेले बिल, पत्र्यावरच्या छापाचा फोटो आणि वॉर्ड कार्यालयाची पोच ही तिन्ही घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावीत, कारण पंधरा-वीस वर्षांनी जो कोणी हे छप्पर उतरवायला चढेल, त्याला पत्र्याकडे नुसते पाहून त्यात काय आहे ते कळणार नाही.